नऊ आणि एकतीस

स्वाती गावंड मॅडमचा मला राग येतो. चांगल्या माणसाचा यावा तसा येतो, म्हणजे रोज. पूनम सागर वसाहतीजवळच्या आमच्या बी.एड. कॉलेजात त्या मानसशास्त्र शिकवतात आणि मी लायब्ररी सांभाळतो. त्या मूळच्या खारी गावच्या, मिठागरवाल्यांच्या घरातल्या. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी मुलांची परीक्षेची भीती मोजणारी एक चाचणी तयार केली. कुठल्या पुस्तकातून उचलून नव्हे. खारीच्या आसपासच्या शाळांत दोन वर्षं जाऊन बसल्या, मुलांना बोलतं केलं आणि त्यांच्याच बोलण्यातून चाळीस विधानं काढली. 'पेपर हातात आला की मला आईची आठवण येते', हे नववं. उत्तराला 'नेहमी, कधीकधी, कधीच नाही'. एवढं झाल्यावर पुस्तिका छापायला दिली आणि तिथे माशी शिंकली. काशीमीऱ्याच्या टायपिंगवाल्याने नववं विधान एकतिसाव्या जागी पुन्हा टाइप केलं. सासरे दवाखान्यात होते, मॅडमनी प्रूफ वाचलंच नाही. मग त्या लाजेपायी चाचणी कुठल्या जर्नलला पाठवलीच नाही. मागेल त्याला मात्र देत राहिल्या. झेरॉक्सची झेरॉक्स होत ती पार नागपूरपर्यंत पोचली.

यंदा प्रोफेसरपदाची मुलाखत लागली. मॅडमना निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, तेव्हा ही शेवटचीच संधी. फॉर्ममध्ये रकाना होता, तुमच्या संशोधनाचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला? मॅडमनी शांतपणे लिहिलं, चार. तेही दुसऱ्याच एका लेखाचे. आमच्या प्राचार्य धर्मेश सरांचे तीनशे बारा आहेत. ते आणि त्यांचे तीन मित्र आळीपाळीने एकमेकांचे संदर्भ देतात. अहो रूपम्, अहो ध्वनिः.

"चार?" मी म्हटलं. "अहो मॅडम, अख्खा महाराष्ट्र तुमची चाचणी वापरतोय."

"वापरतोय ना? मग झालं. नाव न्हाय घातलं तर न्हाय घातलं."

मी कपाळाला हात लावला आणि चिडूनच कामाला लागलो. दीड महिना विद्यापीठांचे प्रबंध ऑनलाइन उघडून पाहिले. एकसष्ट प्रबंधांत चाळीसच्या चाळीस विधानं सापडली आणि प्रत्येकात लिहिलेलं, 'साधन संशोधकाने स्वतः तयार केले.' एकसष्ट जणांनी स्वतः. आणि एकसष्ट ठिकाणी नऊ आणि एकतीस तेच! भांडी चोरावीत आणि त्यांवर कोरलेलं नाव घासायचेही कष्ट घेऊ नयेत, असला प्रकार. एका विद्वानाने तर खाली टीप दिली होती की, उत्तरांतली सुसंगती तपासण्यासाठी एक विधान हेतुपुरस्सर दोनदा घेतले आहे.

मी फाइल केली. पहिल्याच पानावर नऊ आणि एकतीस लाल शाईने अधोरेखित केले. मुलाखतीत फाइल समजावून सांगायला मलाही बोलावलं. बाहेरून आलेले तज्ज्ञ शिवदास सर सगळं लक्ष देऊन वाचत होते.

"हे एकतीस मुद्दामच घेतलंय ना, मॅडम? क्रॉस-चेकला?"

माणूस वाट काढून देत होता. मी मनातल्या मनात म्हणत होतो, हो म्हणा, बाई.

"नाही सर, ती टायपिंगची चूक आहे. मी प्रूफ वाचलं नव्हतं."

"मग साधनच सदोष झालं. सदोष साधनाचे संदर्भ आम्ही धरायचे कसे? त्यात एकातही तुमचं नाव नाही."

चाराचे चारच राहिले. पद गेलं हे कळायला निकालाची गरज नव्हती. मला त्यांच्यापेक्षा माझाच संताप आला. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ असतात, मी तो दुसऱ्याच्या पायावर मारला होता.

चहानंतर शिवदास सर लायब्ररीत आले. मॅडम माझ्यासमोर बसल्या होत्या.

"चाचणी उत्तम आहे हं, मॅडम. माझी एक विद्यार्थिनी याच विषयावर पीएच.डी. करतेय. ते एकतीस दुरुस्त केलेली एखादी प्रत मिळेल का?"

मॅडमनी पर्समधून प्रत काढलीसुद्धा. आता ही बाई देऊन मोकळी होणार, म्हणून मी तोंड फिरवलं. पण त्यांनी ती हातात दिली नाही. माझ्या टेबलावरचं देवघेवीचं रजिस्टर ओढून त्यांच्यापुढे ठेवलं.

"सही करा, सर. आणि चाचणी कोणाची हाय, ते पण लिहा."

शिवदास सरांनी पेन काढलं आणि लिहिलं, 'लेखिका: डॉ. स्वाती गावंड'. एकोणीस वर्षांत त्या चाचणीपुढे कुणा परक्याने त्यांचं नाव लिहिल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो. रजिस्टरातली नोंद संदर्भ म्हणून धरत नाहीत. मी त्याच दिवशी नियम काढून पाहिला.