पोरीच्या पायाचे पैसे

महामार्गालगतच्या एका गावात एक बाप हात जोडून माझ्याशी खोटं बोलला, ते अजून जसंच्या तसं आठवतं. तेव्हा मी सडक अर्जुनीकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि एक ढाबेवाला आत आला. शाळेतून परतणाऱ्या गावातल्या एका मुलीला ट्रकने उडवलं, चालक पळाला, नंबर मात्र आपण पाहिला, असं तो सांगू लागला. आमच्याकडे फिर्याद नव्हती. सरकारी दवाखान्यातूनही वर्दी आली नव्हती.

हवालदाराला घेऊन गावात गेलो. मुलगी खाटेवर पडलेली, पायाला बांबूच्या कामट्या. बापाने तिला हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेलं होतं.

"आंब्यावरून पडली जी," बाप हात जोडून म्हणाला.

"धानकापणीच्या दिवसांत आंब्यावर काय खायला चढली होती?"

तो पोरीच्या पायावरच्या कामट्या सारख्या करू लागला. ट्रकवाल्याकडून याने पैसे घेतले असणार, असं वाटून मी आवाज चढवला. तसा तो रडायलाच लागला.

"पैसे घ्या लागू नये म्हणूनच लपवून राहिलो, साहेब. केस झाली का भरपाई येते. पोरीचा पाय विकून खाल्ला म्हणतीन लोकं. आमच्या गावात एकाचं पोरगं अपघातात गेलं. त्यानं भरपाईतून घर बांधलं, तं त्याले अजून 'मेल्या पोराचा स्लॅब' म्हणतेत."

जबाब घेतला, गुन्हा दाखल केला. नंबरावरून चालकही सापडला. पण म्हाताऱ्याने बसवलेलं मुलीचं हाड वाकडं जुळलं होतं. वाढत्या वयातच शस्त्रक्रिया केली तर पाय सरळ होईल, असं डॉक्टर म्हणाले.

आमच्या अहवालावरून चाललेल्या भरपाईच्या दाव्याचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, त्या दिवशी मी न्यायालयातच होतो. वकिलाने बापाला समजावलं. सगळी रक्कम मुलगी सज्ञान होईपर्यंत तिच्या नावे बँकेत ठेवता येईल, किंवा उपचारापुरती आता मागून बाकीची ठेवता येईल.

"सारी बँकेत टाका," बाप ताठ मानेनं म्हणाला. "माह्या हाताले एक रुपयाही नको."

हा माणूस बाणेदार आहे, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात बाकावर बसलेली मुलगी बोलली.

"बाबा, तुले कोणी काही म्हणू नये, म्हणून मी लंगडतच राहू का?"

बापाची मान खाली गेली. वकीलही कागद चाळू लागला.

निर्लज्ज माणसं मी नोकरीभर पाहिली. तो चालक तर तिथेच आवारात मजेत चहा पीत उभा होता. त्याला वाटायला हवी ती लाज या बापाने उचलली होती, आणि तिचा भार पोरीच्या पायावर पडला होता. लाजाळू माणूस सज्जनच असतो, हा माझा समज त्या दिवशी संपला.

"उपचाराच्या पैशासाठी कुठं सही करू?" बापाने हळूच विचारलं. पेन मी दिलं. घेताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मलाही त्या पोरीकडे पाहायची हिंमत झाली नाही.