मास्तरांचा पालथा कागद

मास्तर कागद नेहमी पालथा ठेवायचे. माजलगावात कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. काउंटरवर कागद पालथा पडला आणि त्यावर चष्म्याची डबी आली, की मान वर न करताच मला कळायचं कोण आलंय. मग हळूच आवाज यायचा, "वाचा, पण मोठ्यानं नगं."

तसं कागदात भिण्यासारखं काही नसायचं. धारूरच्या बाजूला डोंगरातल्या मास्तरांच्या वस्तीवर चौदा कॅथलिक घरं आणि पत्र्याचं प्रार्थनाघर. फादर महिन्यातून एकदा यायचे; बाकीचे रविवार मास्तर सांभाळायचे. बिशपसाहेबांची पत्रं तेच वाचून दाखवायचे. कधी शाळांविषयी, कधी सरकारच्या नव्या कायद्याविषयी. मी ती मोठ्या अक्षरात टाईप करून द्यायचो.

'सामाजिक न्यायाच्या परिप्रेक्ष्यात' असं काही आलं की मास्तर अडायचे. "शेरडं राखणाऱ्या म्हातारीला हे कसं सांगू?" मग आम्ही दोघं मिळून सोपं करायचो. "बिशपसायबाला लई शब्द येतात, आमाला थोडे पुरतात," म्हणायचे. पण एक ओळ गाळू द्यायचे नाहीत. पत्र आलं की पूर्ण वाचायचं, हा त्यांचा नेम.

गेल्या वर्षीच्या पत्रात वेगळंच होतं. ख्रिस्ती झालेल्या दलितांनाही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाव्यात, असं निवेदन बिशप सरकारला देणार होते. प्रत्येक वस्तीनं घरटी एक नाव आणि सही पाठवायची होती.

"चांगलंच हाय की, मास्तर. घाबरलात कावून?"

"जातीच्या दाखल्यावर आमी हिंदू हाव. ख्रिस्ती म्हनून सही केली की दाखला गेला. नवी सवलत मागाया जावं, तर हाय ती बी जाती."

त्यांची मुलगी अंबाजोगाईला नर्सिंग शिकत होती, त्याच दाखल्यावर.

तरी बिशपांचा शब्द त्यांना मोडवेना. चौदा नावं टाईप झाली, एकच प्रत काढली. फाईल मी त्यांच्यासमोर पुसली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मोटारसायकलवरून दोघं आले, ख्रिस्ती लोकांविरुद्ध तक्रारी करत फिरणारे. "मास्तरची यादी केली न्हवं? एक कापी दे बे."

"कसली यादी? भाडेकरार होता," मी ठोकून दिलं. ते हसले, दुकानाच्या पाटीचा फोटो काढला आणि गेले. मी काही शूर माणूस नाही. खरं सांगतो, त्या घडीला मला मास्तरांचा रागच आला.

संध्याकाळी मास्तर दुकानात आले. त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी पाणी मागितलं. मग पिशवीतून यादी काढली, बारीक फाडली आणि तुकडे खिशात घातले.

"लिहा, बिशपसायबाला. तुमचं पत्र या येळी वस्तीत वाचलं न्हाई, माफी असावी. लोकांची नावं मागू नका. पण तुमचं मागनं खरं हाय, म्हनून कोरा कागद पाठवत न्हाई. माजं एकट्याचं नाव घ्या."

"आन् पोरगी?" मी विचारलं.

त्यांनी कागद पुढ्यात ओढला आणि सही केली. त्या दिवशी कागद पालथा करायचंही विसरले.

त्यानंतर मास्तर दुकानात आले नाहीत. परवा एक मुलगी आली आणि तिनं काउंटरवर कागद पालथा ठेवला. मी नाव विचारलं नाही. जात पडताळणीची नोटीस होती. वडील ख्रिस्ती असल्याची तक्रार आली आहे, दाखला रद्द का करू नये?

"मास्तर कुठं हायत?"

"घरीच. उंबऱ्याबाहेर पडत न्हाईत, वस्तीत कुनाला इचारू बी देत न्हाईत." तिनं रस्त्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्यांनी एवढंच इचारायला सांगितलंय. बाकीच्या तेरा घरांना आली का?"

"असला कागद घेऊन अजून तरी कुणी आलं न्हाई," मी म्हणालो. तेवढ्यात बाहेर एक मोटारसायकल थांबली आणि मी कागद पालथा केला.