झुलीखालचा शुद्ध वंश

उत्तम वंश टिकवण्याची जबाबदारी निसर्ग उत्तम नराच्या खांद्यावर टाकतो. आमच्या भागात त्याच खांद्यावर जू ठेवतात.

दोनेक वर्षांपूर्वी कुंभार पिंपळगावला देशी गोवंशाचा मेळावा भरला. मेळाव्यात निवडलेला लाल कंधारी वळू त्याच दिवशी आसपासच्या गायींना मिळेल, असं पत्रकात छापलं होतं. माझ्या चुलत्यांची गाय नेमकी त्या सकाळी माजावर आली. घरातल्या लाल कंधारी वाणाची ती शेवटची, वयही झालेलं. डॉक्टरांची रेतनाची सुई दोनदा वाया गेली होती. तिनं एक लाल कालवड द्यावी, एवढंच चुलत्यांचं मागणं. गाय टेम्पोत चढवली. मागून ढकलायला मी होतोच.

परीक्षक तिघे होते आणि टेप एक. पहिला नंबर वाटूरकडच्या एका शेतकऱ्याच्या जनावराचा आला. गडद लाल रंग, भरदार वशिंड, अंगावर गुडघ्यापर्यंत आरशांची झूल. शिंगं मोजली, कान मोजले. झूल फार सुंदर होती, त्यामुळे ती कुणी उचलली नाही. आमची गाय चार हातांवर हंबरत होती आणि ते शांतपणे रवंथ करत होतं. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात त्याचा संयम तरुणांपुढे आदर्श म्हणून ठेवला. टाळ्या मीही वाजवल्या.

हारतुरे झाल्यावर चुलते गाय घेऊन पुढे झाले. मालकानं त्यांना बाजूला घेतलं.

"काका, दोन साल झाले त्याला चिमटा लावून. नांगराला हाय तो."

"मंग इथं कशाला आनला?"

"फारमात रंग, शिंगं, वशिंड इचारलं. ते समदं बराबर हाय. पुढचं कुणी इचारलंच न्हाई."

त्यात लबाडी नव्हती. आमच्याकडे देखणा गोऱ्हा दिसला की त्याची औताला जोडी लावतात आणि त्याआधी खच्ची करतात. औताच्या कामाचा नसेल, तो देवाला सोडतात.

आजचा माज चुकला तर पुन्हा एकवीस दिवस थांबायचं, आणि गायीचा भरवसा नव्हता. चुलत्यांनी गाय पुन्हा टेम्पोत चढवली. गावात शिरताना देवळासमोर त्यांनी टेम्पो थांबवायला सांगितला. देवाला सोडलेला वळू पारापाशी उभा होता. त्याला फारम भरावा लागला नाही.

नऊ महिने आणि काही दिवसांनी कालवड झाली. ठणठणीत आहे. रंग पांढरा, त्यावर काळे ठिपके.