तोंडी प्रात्यक्षिक

आमच्या शाळेत विज्ञानाचं प्रात्यक्षिक तोंडी व्हायचं. धुळ्याजवळच्या खेड्यातली शाळा. सगळ्या प्रयोगांना मिळून काचेचं एक कपाट, त्यात चार परीक्षानळ्या. फुटली की दुसरी मिळत नाही, हे सरांना अनुभवाने ठाऊक होतं. म्हणून कपाट उघडलं की ते ओरडत, "हात मागे!" आम्ही अख्खा वर्ग पाठीमागे हात बांधून उभे. कृती आम्ही सांगायची, करायची सरांनी. सगळ्यांत खणखणीत मी सांगायचे आणि त्याचा मला भारी तोरा होता.

दहावीनंतर जळगावच्या एका कॉलेजात सायन्सला वसतिगृहासकट जागा होती, पण आधी प्रयोग करून दाखवायचा होता. जागा मिळाली तरच सायन्स. बाहेर खोली घेऊन देणं आबांना, माझ्या वडिलांना, झेपणारं नव्हतं.

तिथली प्रयोगशाळा पाहून मला राग आला, अजूनही येतो. टेबलागणिक नळ, प्रत्येकासमोर स्पिरिटचा दिवा, नळ्या तर खोकंभर. शेजारच्या मुलीच्या हातून एक फुटली. तिने चपलेने काचा बाजूला सारल्या आणि दुसरी घेतली.

माझ्या वाट्याला मोरचूद तापवणं आलं. मी हात मागे बांधले आणि सुरू केलं, "नळी चिमट्यात तिरपी धरावी, तोंड आपल्याकडे नसावं..."

"अहो, करा ना," परीक्षक म्हणाले.

"मी सांगते सर, तुम्ही करा," मी अगदी नम्रपणे म्हणाले.

सगळे हसले. परीक्षकांना तो उद्धटपणा वाटला. त्यांनी पुढच्या नंबरला बोलावलं.

परतीच्या एसटीत आबांनी विचारलं, "तुले येत नव्हतं का व?"

"बठ्ठं येत व्हतं, आबा." सगळी कृती मला तोंडपाठ होती.

"मंग हात काबर नही लावा?"

 

मी आर्ट्स केलं, मग डी.एड., आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. माझी मुलं स्वतःच्या हाताने प्रयोग करतील, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. कपाटात दोन नळ्या निघाल्या. एक मी सातवीतल्या एका मुलीच्या हातात दिली. तिच्या घामेजल्या बोटांतून ती सटकली आणि फुटली. सगळी पोरं उरलेली नळी बघायला पुढे सरकली, आणि मी ओरडले, "हात मागे!"