काचेची पट्टी आणि माझं एक वाक्य

माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या वरच्या भिंतीवर, बोटभर रुंद आणि वीतभर लांब अशी एक काचेची पट्टी होती. दोन्ही टोकांना प्लास्टरचे गोळे, मध्ये काच आणि काचेखालून थेट छताकडे गेलेला तडा. सकाळी उठले की दूध तापत ठेवायच्या आधी मी ती पट्टी बघायचे. देवापुढे दिवा त्यानंतर. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवसांत मी देवापेक्षा त्या काचेला जास्त भ्यायचे.

पट्टी लावली होती शेजारच्या दोन नंबरच्या काकांनी. सगळी सोसायटी त्यांना काका म्हणते, म्हणून वयात फारसं अंतर नसताना मीही म्हणते. काका मूळचे सायखेड्याचे. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, धरणाच्या भिंतींवर नजर ठेवण्यात गेली. माझ्या भिंतीला तडा गेलाय म्हटल्यावर ते काचेच्या तीन पट्ट्या कापून घेऊन आले. एक लावली आणि उरलेल्या दोन, प्लास्टरच्या पुडीसकट, माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिल्या.

"भिंत हालली तर काच लगेच फुटती, बाई. तिला ताण सोसत नाय," ते म्हणाले. "काच शाबूत हाय तवर निवांत झोपायचं."

निवांत झोपणं माझ्या नशिबात आधीच नव्हतं. शेजारच्या प्लॉटवरचा बंगला पाडून तिथे टॉवर होणार होता आणि टॉवरच्या पोटात दोन मजली पार्किंग. आमची इमारत तीस वर्षांची, बारा घरांची. खोदकाम आमच्या कंपाउंडला अगदी खेटून चाललेलं. खडक फोडायचा ब्रेकर सुरू झाला की मांडणीतली भांडी वाजायची आणि कपबशीतला चहा थरथरायचा. मी मुळातच भित्री. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, घरात पाल दिसली तर ही घर विकायला काढेल. तर अशा बाईचा फ्लॅट नंबर एक, तळमजला, आणि स्वयंपाकघराची खिडकी त्या खड्ड्यावरच उघडणारी.

एकदा मी खिडकीतूनच मशीनवाल्याला विचारलं, "अजून किती खोल जाणार रे बाबा?"

"लय बाकी हे, मावशी," तो हसत म्हणाला. "आत्ताशी काळी माती संपली."

त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग झाली आणि महापालिकेला निवेदन द्यायचं ठरलं. काकांनी मसुदा करून आणला होता. चार ओळींचा. शेजारच्या भूखंडावर आधारभिंत न बांधता खोदकाम चालू आहे, आमच्या इमारतीच्या पूर्वेकडील भिंतीस तडा गेला आहे, तडा सध्या स्थिर आहे, तरी पाहणी करून काम थांबवावे. संपलं.

मला ते फारच कोरडं वाटलं. पस्तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं मुलांकडून अर्ज लिहून घेण्यात गेली. वाचणाऱ्याच्या काळजाला हात घातल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, हे मी वर्गावर वर्ग घोकून घेतलेलं. मी काकांच्या हातातून कागद घेतला. लाल पेन तेवढं नव्हतं. 'तडा सध्या स्थिर आहे' हे खोडलं आणि त्याजागी लिहिलं : 'आमची इमारत जीर्ण झाली असून ती कोणत्याही क्षणी कोसळण्याच्या अवस्थेत आहे, व बारा कुटुंबे मृत्यूच्या छायेत जगत आहेत.'

वाचून दाखवलं तेव्हा वरच्या पाच नंबरमधल्या सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या सरकारी दवाखान्यात नर्स आहेत, रोज काय काय बघत असतील. त्यांना रडवलं म्हणून मी मनातून खूशच झाले. काका एवढंच म्हणाले, "जीर्ण कुठंय, बाई? स्लॅब ठणठणीत हाय आपला."

"अहो काका, तसं लिहावं लागतं," मी म्हणाले.

आमच्याकडे सह्या फ्लॅटच्या नंबराने करायची पद्धत आहे, म्हणजे कुणी मागे राहायचा प्रश्न नको. त्यामुळे पहिली सही माझी. आवक विभागाचा शिक्का मारलेली पोच घेऊन आम्ही परतलो, तेव्हा मला वाटलं, आता काम झालंच.

काम झालंही. कनिष्ठ अभियंता आले, तडा बघून गेले, आणि आठवड्याच्या आत आमच्याच गेटवर नोटीस लागली. पावसाळा तोंडावर होता. रहिवाशांनी स्वतःच लेखी कळवल्यानुसार इमारत जीर्ण व धोकादायक असल्याने ती सात दिवसांत रिकामी करावी, अन्यथा पाणी व वीजपुरवठा तोडण्यात येईल. खोदकामाबद्दलची चौकशी वेगळ्या टेबलावर होती, ती यथावकाश होणार होती. भिंतीपलीकडे ब्रेकर चालूच होता.

गेटपाशी उभी राहून मी ती नोटीस वाचली. माझंच वाक्य, शब्द न शब्द, अवतरण चिन्हांत. कुणी मला वाईट बोललं नाही, ते जास्त लागलं. सिस्टरांच्या सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. कॉटसकट त्यांना कुठे हलवायचं? सिस्टर जिन्यात थांबून म्हणाल्या, "बाई, सात दिवसांत मी यांना घेऊन कुठे जाऊ, ते तरी सांगा." मला तोंड वर करून बघवलं नाही.

शेवटी विभागीय कार्यालयात सुनावणी मागितली आणि ती मिळालीही. तिथे काकांनी सांगायचं की इमारत भक्कम आहे, काचेची पट्टी शाबूत आहे. आणि मी सांगायचं की ते वाक्य भावनेच्या भरात लिहिलं गेलं, त्यात तथ्य नाही. तेवढं केलं की नोटीस मागे घेतली जाण्याची आशा होती. मी मनात पाठ करत होते : भावनेच्या भरात, तथ्य नाही.

सुनावणीच्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी स्वयंपाकघरात गेले. लाइट लावला आणि वर बघितलं. काच मधोमध फुटली होती. तुकडे पडले नव्हते, दोन्ही अर्धे आपापल्या गोळ्यात घट्ट होते, फक्त मध्ये केसाएवढी फट.

मी ड्रॉवर उघडला. आत दोन पट्ट्या होत्या, प्लास्टरची पुडी होती. कुणी बघितलं नव्हतं. काका आता इकडे येऊन पट्टी बघणार नव्हते, ते कागदपत्रांची फाइल लावत बसले असणार. मी एका वाटीत प्लास्टर घेतलं, पाणी घातलं, चमच्याने ढवळलं. जुनी पट्टी खरवडून काढली, साडीच्या पदराने धूळ पुसली. नवी पट्टी हातात घेतली. इतकं सोपं होतं. बारा घरं राहिली असती, सिस्टरांच्या सासूबाई आपल्या कॉटवर राहिल्या असत्या, आणि मी जिन्यात मान वर करून चालले असते.

मला भीती वाटत होती, आणि कशाची जास्त वाटत होती तेच कळत नव्हतं. पट्टी लावली तर छताची, नाही लावली तर माणसांची. ओट्याला टेकून मी उभी राहिले. केव्हातरी चमचा हलवायला गेले तर तो हलेना. प्लास्टर वाटीतच घट्ट झालं होतं. फुटलेल्या पट्टीचे दोन तुकडे मी रुमालात गुंडाळले आणि पर्समध्ये टाकले.

अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर आम्ही तिघं बसलो, काका, सिस्टर आणि मी. काकांनी छान मांडलं. तडा कधी पडला, पट्टी कधी लावली, खोदकाम किती जवळ आहे. "अन् साहेब, बावीस दिवस झाले, काच शाबूत हाय," ते म्हणाले. किती विश्वासाने म्हणाले. त्यांनी आयुष्यात खोटं मोजमाप दिलेलं नव्हतं आणि ते आत्ताही देत नव्हते.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, अर्ज तुम्ही लिहिलाय. इमारत कोसळायच्या अवस्थेत आहे, हे खरं की खोटं?"

सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. मी रुमाल काढला आणि टेबलावर उलगडला.

"लिहिलं तेव्हा खोटं होतं," मी म्हणाले. "काच आज सकाळी फुटली."

काकांनी एक तुकडा उचलला, उजेडाकडे धरला, कड बघितली. मग हळूच खाली ठेवला. साहेबांना म्हणाले, "मग आजच काम थांबवा साहेब. आजच. अन् आम्ही निघतो."

खोदकाम त्याच दुपारी थांबलं. आधारभिंत बांधल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा आदेश निघाला. इमारतीची तांत्रिक तपासणी होऊन अहवाल येईपर्यंत आम्हीही बाहेर. चार दिवसांत बारा घरांच्या बारा दिशा झाल्या. मी देवळाली कॅम्पला बहिणीकडे आले. सिस्टरांनी सासूबाईंना अॅम्ब्युलन्समधून नाशिकरोडच्या एका भाड्याच्या खोलीत नेलं. कॉट जिन्यातून उतरवताना मी खाली उभी होते. सिस्टर माझ्याकडे न बघता पुढे गेल्या.

अहवाल अजून आलेला नाही. मधल्या काळात पाऊस येऊन गेला. काकांनी निघायच्या आधी माझ्या भिंतीवर दुसरी पट्टी लावली, आणि दर रविवारी आम्ही दोघं जाऊन कुलूप उघडतो. घरात ओल्या चुन्याचा वास येतो. टॉर्च मी धरते, बघतात काका. ते माझं मनगट धरून प्रकाश नीट करतात. पट्टी फुटलेली असेल तर माझं घर गेलं. आणि ती अशीच शाबूत राहिली, तर पहिली काच नुसत्या ब्रेकरच्या हादऱ्याने फुटली असेल, आणि मी बारा घरं उगाच उठवली. बसमध्ये दोन्ही भीती मांडीवर घेऊन बसते.

सिस्टर अजून बोलत नाहीत. पण रविवारी दुपारी त्यांचा मेसेज येतो. एकच शब्द, 'काच?'

पहिल्या रविवारी मी उत्तर लिहायला लागले. त्यांच्या सासूबाईंबद्दल, माझ्या मनाला लागलेल्या टोचणीबद्दल लांबलचक लिहिलं, तीनदा वाचलं आणि सगळं पुसून टाकलं. आता मी काकांचं बघून होईपर्यंत थांबते, आणि स्वतः जवळ जाऊन पुन्हा एकदा बघते. मग लिहिते, 'शाबूत.' त्यापुढे एक शब्दही घालत नाही.