पाच नंबरची चादर

मिशन हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत ती फाटक्या चादरी रफू करते. सगळे तिला रफूवालीच म्हणतात. खरं नाव तिच्या नणंदेलाही आठवून सांगावं लागतं. तिचं रफू मात्र कुणीही ओळखेल: नखाएवढे चौकोन आणि शेवटचा टाका उलटा फिरवून मारलेला.

याच लॉन्ड्रीत बॉयलरची वाफ अंगावर येऊन तिचा नवरा गेला. पुढच्या वर्षी तिचा उजवा डोळा गेला. मग एकोणीस वर्षांची लेक पाच नंबरच्या वॉर्डात तापाने बारा दिवस झिजली. बाराही दिवस रफूवाली खाटेच्या पायथ्याशी बसून प्रार्थना करत होती आणि तिचं बोट चादरीतल्या एका रफूवर फिरत होतं. रफू तिचंच होतं. तेराव्या दिवशी लेक नव्हती. दोन दिवसांनी तीच चादर मळक्या ढिगातून तिच्यासमोर आली.

ती तिने धुतली, इस्त्री केली. वॉर्डात परत पाठवायला हात धजेना; घरी न्यावी तर चोरी. म्हणून तिने ती लॉन्ड्रीतल्याच, देवळाचं कापड ठेवायच्या फळीवर ठेवली. मिशनच्या देवळातल्या प्रभुभोजनाच्या मेजाचं पांढरं कापडही ती इथेच धुते. दोन्ही एकाच ताग्यातली, दोन्हींची घडी सारखी. फरक एवढाच, की मेजाच्या कापडाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा क्रूस आहे आणि तो घडीच्या आत जातो. वरची घडी देवाची, खालची लेकीची, असं तिच्या डोक्यात पक्कं होतं.

देवळात ती मोठ्याने रडायची. गाणं चालू असो की प्रार्थना. शेवटी पाळक घरी आले.

“बाई, रविवारी उभं राहून साक्ष द्या. देवाने सांभाळलं, म्हणून आभाराचे दोन शब्द.”

“कुणाला सांभाळलं?”

पाळकांनी चहाचा कप खाली ठेवला. “निदान शांत बसा. लोकांचा विश्वास डळमळतो.”

“माझ्या रडण्याने? मग तो विश्वास आहे की खुर्चीचा मोडका पाय?”

आतून नणंद म्हणाली, “वहिनी, पाळकसाहेबांना बिस्कीट तरी दे. तोंडात काही असलं की माणूस कमी बोलतो.”

ते गेल्यावर रफूवाली म्हणाली, “वन्सं, हा रविवार शेवटचा. देवाला भेटायला मला दुसरी जागा नाही. पण तोंड शिवून मी त्याच्यासमोर बसणार नाही.”

नणंदही लॉन्ड्रीतच, इस्त्रीवर. शुक्रवारी तिने फळी पुसली आणि घड्यांची वरखाल झाली. शनिवारी रफूवालीने वरची घडी कागदात बांधून देवळात पोचवली. उघडून बघायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

रविवारी पाळकबाईंनी कापड मेजावर पसरलं. पुढे लोंबणाऱ्या भागावर, सगळ्यांसमोर, चौकोनी रफू.

नणंदेने कोपर मारलं. “मेले मी, वहिनी. फळी मीच पुसली होती.”

मंडळीचे एक पंच कापड बदलायला उठले. रफूवाली उभी राहिली.

“हात लावू नका. माझी लेक त्याच्यावर मेली.”

मग ती मेजाकडे बघत बोलू लागली. “बारा दिवस भीक मागितली. बाप म्हणवतोस ना? मग बापासारखा उठला का नाहीस? नवरा नेलास, गप्प बसले. डोळा नेलास, एका डोळ्याने सुई ओवली. तुझ्या मुलाने क्रूसावरून तुला ‘का’ विचारलं तर ते पवित्र, आणि मी विचारलं की लोकांचा विश्वास डळमळतो?”

“झालं, बाई?” पाळकांचा आवाज पडला होता.

“नाही.”

ते मेजाजवळच्या पायरीवर बसले. “मग बोला.”

ती बोलली. मागच्या बाकावर एक सुतार होता. त्याने आपल्या मुलाची शवपेटी स्वतःच्या हातांनी केली होती. तो हुंदके द्यायला लागला. कुणी त्याला गप्प केलं नाही. प्रभुभोजनाचा प्याला आला तेव्हा रफूवालीने घेतला. आमेन म्हणाली नाही.

सोमवारी पाच नंबरच्या मळक्या ढिगात लाल क्रूस दिसला. शनिवारी संध्याकाळी चादरी कमी पडल्या म्हणून वॉर्डातली आया फळीवरची उरलेली घडी घेऊन गेली होती. मेजाचं कापड घामाने पिवळं पडलं होतं. एका कडेला रक्त होतं.

“कोण होतं याच्यावर?”

“म्हातारी एक,” आया म्हणाली. “आहे अजून.”

रफूवालीने कापड हौदात टाकलं. “गेलास एकदाचा पाच नंबरला,” ती त्या क्रूसाला म्हणाली. “माझ्या वेळेला कुठे होतास?”

रक्ताला गार पाणी लागतं. तिने नळ सोडला आणि दोन्ही हातांनी डाग चोळायला लागली, जोर लावून, दात आवळून.

“सांग. घाई नाही. रविवारी परत येते मी.”