तीन पत्रं आणि एक धर्मपिता

मी वाईट ख्रिस्ती नाही. मी उशिरा उठणारा ख्रिस्ती आहे. हा फरक आमच्या घरात मात्र आजवर कोणी मानलेला नाही.

निर्मळजवळच्या आमच्या वाडीतून मी इंजिनिअरिंगसाठी विरारला गेलो आणि फुलपाड्यात दोन मित्रांबरोबर भाड्याच्या खोलीत राहू लागलो. स्कूटरवर जेमतेम पाऊण तासाचा रस्ता. पण आईने निरोप असा दिला, जणू मी आखाताला निघालोय. सोबत केळीचा अख्खा घड, रोझरीची माळ आणि एक अट. रविवारी दहाला क्लास असतो म्हणून घरी येता येत नाही, हे तिला मान्य होतं. पण तिथलं एखादं चर्च निवडायचं, त्याला धरून राहायचं आणि मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, चुकवायची नाही. (हे तिने आमच्या बोलीत सांगितलं. मूळ मजकूर याहून तिखट होता.)

आता, निवड करायची म्हणजे आधी सगळी पाहायला नकोत? वधूसंशोधनाला निघालेल्या मुलासारखा मी पायी गाठता येतील तेवढी चर्चेस पालथी घातली आणि शेवटी तीन उरली. तिन्हीकडे मिस्सा सकाळी आठलाच. पहिलं मोठं, मराठी मिस्साचं. गाणी थेट आमच्या गावची, पण प्रवचन असं लांब की आदाम-हव्वेपासून निघालेले फादर पाऊण तासाने नोहाच्या तारवाशी पोचायचे. दुसरीकडे इंग्रजी मिस्सा; चाळीस मिनिटांत माणूस मोकळा. तिसरं चर्च अजून बांधायचं होतं, म्हणून एका हॉलमध्ये हिंदी मिस्सा व्हायची. आणि मिस्सा संपली की चहा आणि गरम इडली!

तुम्हीच सांगा, यातलं एक कसं निवडणार? मी गरजेप्रमाणे जाऊ लागलो. पेपर वाईट गेला की मराठीला, कारण पश्चात्तापाला वेळ लागतो. रात्री जागरण झालं की इंग्रजीला. खानावळ बंद असली की हिंदीला. देवाशी मी प्रामाणिक होतो, फक्त पत्त्याशी नव्हतो.

त्यात माझा एक जुना दोष आहे. प्रेमाने विचारलं की मला नाही म्हणता येत नाही. तिन्हीकडे कोणी ना कोणी खांद्यावर हात ठेवून "नवीन का?" विचारलं, आणि तिन्हीकडे मी नोंदणीचा अर्ज भरला. मराठी चर्चच्या आमच्या भागातल्या कुटुंबांची देखरेख करणाऱ्या फिलोमिना आंटींनी मला त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात घातलं. इंग्रजीवाल्यांनी एकदा बायबलचं वाचन दिलं. हॉलमध्ये खुर्च्या मांडायचं काम कायमचं माझ्याकडे आलं. बघता बघता मी तीन धर्मग्रामांचा सभासद झालो.

दीड वर्ष हे गुण्यागोविंदाने चाललं. मग ताईला मुलगा झाला.

तिने फोन केला आणि म्हणाली, बाप्तिस्म्याला धर्मपिता तूच. यासाठी ती आमच्याच गावातल्या सासरी भांडली होती. तिथे सगळ्यांच्या मनात तिचा धाकटा दीर विल्सन होता. विल्सन क्वायरमध्ये गातो, सणाच्या मिरवणुकीत पुढे चालतो आणि पहाटे पाचला आपोआप उठतो. त्याने म्हणे कोटाचं कापडही आणून ठेवलं होतं. पण ताई हटली नाही. या ताईने मला सायकल शिकवली, गणित शिकवलं, आणि शाळेत एकदा माझ्या वाटची छडी स्वतःच्या हातावर घेतली. मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन थोडा रडलो. (मित्रांना शांपू डोळ्यांत गेल्याचं सांगितलं.)

आमच्यात धर्मपिता म्हणजे नुसतं बाळाला धरून फोटो काढणं नव्हे. बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी त्याच्यावर असते. म्हणून तो स्वतः मिस्साला जातो का, याचं पत्र त्याच्या चर्चकडून आणावं लागतं. गावच्या फादरांनी मला नीट न्याहाळलं. म्हणाले, "दीड वर्षात तू इथे नाताळलाच दिसलास, तोही जेवणाच्या सुमारास. जिथे जातोस तिथलं पत्र आण. शनिवारपर्यंत. नाहीतर विल्सन आहेच."

तीन रविवारांतून एकदा दिसणाऱ्या पोराला पत्र कोण देणार? म्हणून मी तिन्हीकडे अर्ज करायचं ठरवलं. एकाने नाही म्हटलं तर दुसरा, दुसऱ्याने नाही म्हटलं तर तिसरा. मोबाइलवर एक सुबक मसुदा केला: "सदर युवक गेले दीड वर्ष दर रविवारी सकाळी आठच्या मिस्साला नियमित उपस्थित असतो." चर्चचं नाव तेवढं बदललं आणि तिन्ही ऑफिसांत पाठवून दिला. कॉलेजच्या असाइनमेंट मी याच पद्धतीने करत आलोय.

माणसं किती चांगली असतात पाहा. तिघांनीही पत्र दिलं! आणि मला हेलपाटा नको म्हणून तिघांनीही ते परस्पर गावच्या फादरांना पाठवलं.

शुक्रवारी संध्याकाळी फादरांनी मला आणि ताईला बोलावलं. टेबलावर तीन कागद ओळीने मांडलेले.

"काही संत एकाच वेळी दोन ठिकाणी दिसले, असं सांगतात," फादर शांतपणे म्हणाले. "तुझी मजल तीनवर गेलीय. रोमला कळवू का?"

मी ताईकडे पाहिलं. ती नेहमी हसते अशा वेळी. आज हसत नव्हती. मांडीवरच्या बाळाचं टोपडं उगाचच सारखं करत होती.

"फादर, खोटारडा नाही तो," ती म्हणाली. "आळशी आहे."

मग मी सगळं सांगून टाकलं. वाईट गेलेले पेपर, जागरणं, खुर्च्या, सगळं. फादरांनी मध्ये एकदाच तोंड उघडलं.

"इडली चांगली असते?"

"गरम असते, फादर."

त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि माझ्यासमोरच तिन्हीकडे फोन लावले. मी मान खाली घालून बसलो. बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा काढला. कोणी म्हणालं होतं, महिन्यातून एकदा येतो. कोणी म्हणालं, दोनदा. "तिघांची बेरीज केली तर एक पूर्ण ख्रिस्ती होतो," फादर म्हणाले. "रविवार काही तू चुकवलेला दिसत नाहीस."

मग त्यांनी दोन पत्रं फाडली आणि एक ठेवलं. त्याच्या तळाशी फिलोमिना आंटींनी पेनाने लिहिलं होतं: "पोरगा गुणी आहे. फार झोपाळू." ही बाई तुला खरोखर ओळखते, फादर म्हणाले, यापुढे दर रविवारी तिच्याच चर्चला जायचं आणि तिला तोंड दाखवून यायचं. ताईने बाळ माझ्याकडे दिलं आणि दारापर्यंत जाईतो माझ्या पाठीत तीन धपाटे घातले. एकेका चर्चचा एकेक असावा.

रविवारी चर्च भरलेलं. बाळ माझ्या हातांत, विल्सन क्वायरमध्ये (कोट घालून). बाप्तिस्म्यात आईबाप आणि धर्मपित्यांना तीन प्रश्न विचारतात. फादरांनी ते सगळ्यांना विचारले, पण पाहत होते एकट्या माझ्याकडे.

"सैतानाचा त्याग करतोस?"

"करतो."

"त्याच्या सर्व कृत्यांचा?"

"करतो."

"आणि त्याच्या सर्व थापांचा?" (पुस्तकात बहुधा 'पोकळ वचनं' असा शब्द आहे.)

"करतो, फादर."

फादरांनी पुस्तक किंचित खाली केलं, माझ्या कानाशी वाकले आणि पुस्तकात नसलेला चौथा प्रश्न विचारला: "कुठल्या चर्चमधून बोलतोयस?"

मी आधी वर पाहिलं, मग पायाखालच्या लाद्या पाहिल्या, आणि पूर्ण खात्री झाल्यावरच म्हणालो, "इथूनच."